खिडकी क्रमांक एक, स्वयंपाकघर

आमच्या वहिनीला दोनच हात आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या घरात ते कुणाला पटतच नव्हतं. दादाला वाटायचं निदान चार तरी असतील, आणि त्याच्या लेकीला, म्हणजे आमच्या चिमणीला, वाटायचं की आईचे हात मोजायचे नसतात, फक्त वापरायचे असतात.

वहिनी पाण्याच्या बिलांच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. समोर जाड काच, काचेला बशीएवढं गोल भोक, आणि त्या भोकातून लोक दिवसभर तिच्यावर ओरडतात. पाणी नाही तरी बिल आलं म्हणून ओरडतात, पाणी आहे पण बिल नाही म्हणूनही ओरडतात. एकाकडे म्हणे चुकून शेजाऱ्याचं बिल गेलं, ते कमी निघालं, तर तो दुरुस्ती नको म्हणून भांडायला आला. पण तिथे एक सोय आहे. तिथे टोकन आहे. कितीही आरडाओरडा होवो, एका वेळी एकच माणूस ओरडतो, आणि त्याचं झालं की त्याला जावं लागतं.

घरी ती सोय कुठली? वहिनीने दारात चपला काढायच्या आत सगळे एकदम सुरू. दादाचा मोजा, एकच, कारण हरवायचा तो नेहमी एकच. चिमणीची कुठेतरी हवी असलेली सही. माझी कात्री. मी बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन घेऊन बसते, आणि माझी कात्री या घरात कोण नेतं ते देवाला ठाऊक. शिवाय वरच्या मजल्यावरच्या बाईंना शिडी हवी असायची. त्या शिडीवर चढून काय करायच्या ते आजतागायत कळलेलं नाही. वहिनी सगळ्यांना "हो, हो, देते" म्हणायची आणि मग पर्स फ्रिजमध्ये ठेवून दुधाची पिशवी खुंटीला अडकवायची. खरंच. ते दूध माझ्या शिवायला आलेल्या कापडावर गळलं, आणि मी जो तमाशा केला तो तीन मजल्यांनी ऐकला.

नंतर एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या वहिनी रोज जिन्यात बसतात हो. पिशव्या मांडीवर घेऊन. मी विचारलं तर म्हणाल्या, जरा बसते, वर गेलं की बसता येत नाही." मला कसंसंच झालं. घरापर्यंत येऊन बाई घराच्या खालीच बसते!

तर अशात वहिनीच्या ऑफिसने सगळ्यांना एका दिवसाच्या शिबिराला पाठवलं. विषय, वेळेचं नियोजन. शिकवायला एक टायवाला आला होता. त्याने म्हणे फळ्यावर चौकोन काढला, त्याचे चार तुकडे केले आणि सांगितलं की तातडीचं वेगळं आणि महत्त्वाचं वेगळं. आणि म्हणाला, "कामं तुमच्या अंगावर येऊ देऊ नका. त्यांना रांगेत उभं करा." दुसऱ्या कुणी हे ऐकून जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली असती. आमच्या वहिनीने मात्र रांग म्हणजे रांगच घेतली. तिला आयुष्यात नीट जमलेली गोष्ट ती एकच होती, बिचारीला दुसरं काय सुचणार?

घरी आली ती थेट माझ्याकडे. "वन्सं, तुमच्याकडचा तो जाड पुठ्ठा द्या." मी मापं कापायला पुठ्ठा ठेवते, तो दिला. जेवणं झाल्यावर बसून तिने त्याची टोकनं कापली, त्यांवर आकडे घातले. अर्धी लाल रंगवली, अर्धी पांढरी ठेवली. लाल म्हणजे तातडीचं, पांढरं म्हणजे महत्त्वाचं. आधी सगळी लाल संपणार, मग पांढरी.

आमच्या स्वयंपाकघराच्या आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या भिंतीत ताटं द्यायला एक चौकोनी झरोका आहे, त्याला सरकती फळी आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर वहिनीने स्वयंपाकघराच्या दाराला आतून फ्रिज लावला. स्वतःच्या येण्याजाण्याला बेडरूमच्या गॅलरीतून वळसा ठेवला, फळी सरकवली आणि झरोक्यातून म्हणाली, "खिडकी क्रमांक एक. टोकन घेऊन बसा."

दादा हसला. "अगं ए, माझा मोजा कुठाय ते सांग आधी."

"टोकन?"

"मी तुझा नवरा आहे."

"ते नातं झालं. मी टोकन विचारलं."

दादाने बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि गुपचूप डब्यातलं एक लाल टोकन उचलून झरोक्यासमोरच्या बाकावर बसला. बाकावर त्याच्याशिवाय कुणीही नव्हतं. तरी वहिनीने त्याला थोडा वेळ बसवून ठेवलं, मग त्याचा आकडा पुकारला. मोज्याची हकिगत ऐकून घेतली, आणि म्हणाली, "कपड्यांची कामं खिडकी क्रमांक दोनला." फळी बंद. वहिनी गॅलरीतून चालत बेडरूममध्ये गेली, बेडरूमचं दार एवढंसं उघडलं आणि म्हणाली, "बोला. काय काम आहे?" दादाला मोज्याची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. मी मशीनवर डोकं ठेवून हसले, सुई बोटात जायची राहिली.

आता याच आठवड्यात घरात दुसरं एक घडलं होतं, आणि ते मला एकटीलाच माहीत होतं.

आमचे बाबा जन्मभर बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचं काम म्हणजे खुर्चीत बसून सगळ्यांच्या चालण्याला नावं ठेवणं. अलीकडे ते स्वतःच दाराच्या चौकटींना धडकायला लागले. खांदे काळेनिळे. "हे कपाट कुणी सरकवलं?" म्हणून ओरडायचे, आणि कपाट लग्नात आलं तेव्हापासून जागचं हललेलं नाही. मी धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, "यांची नजर कडेकडेने चाललीय. समोरचं नीट दिसतं म्हणून यांना कळलं नाही. जेवढी गेली तेवढी परत येणार नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन करू, पण थांबू नका. सोबत कोण राहणार ते ठरवून या आणि तारीख घ्या."

घराच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरताना बाबा मला म्हणाले, "हे सूनबाईंना मी सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस."

"का? मी येते की तुमच्याबरोबर."

"तू आलीस तर डॉक्टरशी भांडशील. तुझा दादा आला तर आधी त्यालाच टेबलावर झोपवावं लागेल. सूनबाई असल्या तर मी झोपेन. पण मी सांगेन त्यांना, माझ्या तोंडाने. तुला माझी शपथ आहे."

बापाने शपथ घातली, काय करणार? वाटलं, आज संध्याकाळी सांगतील. आणि त्याच संध्याकाळी घरात खिडकी उघडली.

बाबा तयार होऊन बाहेर आले. धुतलेला सदरा, केस विंचरलेले, जणू खरंच कुठल्या ऑफिसात निघालेत. टोकनांच्या डब्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी पांढरं टोकन उचललं.

मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "बाबा, लाल!"

"माझं काही तातडीचं नाही," बाबा म्हणाले, आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

त्या दिवशी पांढऱ्यांची पाळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कशी येणार? मोजा तातडीचा, कात्री तातडीची, चिमणीच्या केसांची पिन तर इतकी तातडीची की ती पोर रडतच रांगेत बसायची. सगळं घर लाल. पांढरं एकट्या बाबांकडे. रात्रीच्या जेवणाला वहिनी फळी लावून घ्यायची आणि आतून म्हणायची, "राहिलेल्यांनी उद्या या." बाबा आनंदाने उठायचे. हो, आनंदाने! शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखे टोकन डब्यात टाकून ताटावर येऊन बसायचे.

मी शेवटी स्वतः लाल टोकन घेतलं. खिडकीशी गेले. म्हटलं, "वहिनी, बाबांचं काम आहे."

"काय काम?"

आता शपथ. "ते बाबाच सांगतील."

"मग त्यांना पाठवा."

"ते पांढरं घेऊन बसलेत."

"मग त्यांचा नंबर येईल." वहिनीचा आवाज ऑफिसातलाच झाला होता, सपाट, ना राग ना लोभ. "दुसऱ्याच्या वतीने आला असाल तर त्यांच्या सहीचं पत्र लागेल. पुढचा!"

पुढचा म्हणजे पुन्हा दादाच. मी बाबांकडे पत्र मागितलं. ते म्हणाले, "माझा चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आणि खोटं कशाला बोलू, वहिनीला त्या खिडकीने फार बरं वाटलं. काम खरंच कमी झालं. रांगेत बसण्यापेक्षा मोजा शोधणं सोपं, हे दादाच्या लक्षात आलं. मोजे तर पलंगाखालीच होते, सगळे, एका कुटुंबासारखे. चिमणी स्वतः बटण लावायला शिकली, वाकडं का होईना. वहिनी जिन्यात बसायची थांबली. फळीच्या आड ती गुणगुणायची सुद्धा! मला तिचा हेवा वाटला. आमच्यासारख्यांना कोण देणार खिडकी?

पण म्हणतात ना, अति तिथे माती. वरच्या बाई शिडी मागायला आल्या, त्यांना टोकन मिळालं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट त्यांनी पुढच्या दिवशी बहिणीला आणलं, पाण्याचं बिल घेऊन. "तुमच्या ऑफिसात महिना लागतो, इथे एका संध्याकाळी काम होतं," असं ती बहीण जिन्यातून ओरडत गेली, आणि संपलं. चार-पाच दिवसांत रांग आमच्या दारातून बाहेर, जिन्यावरून खाली, इमारतीच्या फाटकापर्यंत. कुणी गळका नळ हातात घेऊन आलं, कुणी बिलांची चळत. एक जोडपं भांडण घेऊन आलं. त्यांना वहिनीने खिडकी क्रमांक दोनला पाठवलं, आणि तिथपर्यंत जाईस्तोवर त्यांचं मिटलं.

एक टोपीवाले गृहस्थ होते. ते वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी निघाले होते, वाटेत रांग दिसली म्हणून उभे राहिले. मी विचारलं, "तुमचं काय काम आहे?"

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले. "पण रांग सरकतेय, तर कशाला सोडा?"

खिडकीशी पोचल्यावर त्यांना काही सुचेना. शेवटी टोपी सारखी करून वहिनीला म्हणाले, "कशा आहात?"

वहिनी गोंधळली. तिने लाल टोकन पाहिलं, पांढरं पाहिलं, आणि म्हणाली, "हे कशात बसतं ते विचारून सांगते. उद्या या." ते उद्या आले. परवाही आले. माणसाला काही कामच नव्हतं, पण येत मात्र अगदी नेमाने होते.

आणि आमचा दादा? दादा दलाल झाला! स्वतःच्या बायकोच्या खिडकीचा! जिन्यात उभा राहून लोकांना सांगायचा, "नळ गळतो असं म्हणू नका, घर बुडतंय असं म्हणा, लगेच घेतील. मी आतल्यांना ओळखतो." मी म्हटलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणे, "अगं, रोज तिला बघायचं तर कुणाला तरी पुढे घालावं लागतं. माझा नंबर कुठे लागतो आता?" म्हणजे हा बायको बघायला लोकांचे नळ पुढे घालत होता. मी कपाळावर हात मारला.

या सगळ्या गर्दीत बाबांची मात्र चंगळ झाली. रोज बाकावर पहिले येऊन बसायचे आणि जो येईल त्याला आपली जागा द्यायचे. "तुम्ही जा पुढे, मला काही घाई नाही." बाईमाणूस दिसलं की उठ, म्हातारं दिसलं की उठ, आणि आपल्याहून तरुण असेल त्यालाही, "तुला कामावर जायचं असेल ना बाबा, जा." सगळी रांग त्यांना देवमाणूस म्हणायला लागली. लोक घरी जाताना त्यांना नमस्कार करून जायचे. मला मशीनवर बसून सगळं दिसायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवमाणूस कसला! घाबरट माणूस. बाकावर बसून बसून आंधळा होत चाललेला घाबरट म्हातारा. डावीकडून कुणी चहाचा कप पुढे केला तरी त्यांना दिसायचा नाही, लोकांना वाटायचं आजोबा विचारात आहेत.

मी त्यांना रोज म्हणायचे, "बाबा, आज सांगा. नाही तर मी शपथ मोडते." ते रोज म्हणायचे, "आज नंबर लागणार बघ." आणि मी रोज थांबायचे. मी एवढी भांडखोर, मलासुद्धा बापाची शपथ मोडवेना.

मग ती सुट्टीची दुपार आली. सुट्टी म्हणून गर्दी दुप्पट. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, लोकांनी आमचीच स्टुलं, आमच्याच उशा घेतलेल्या. नळवाल्या एक बाई आत आल्या, तुटका नळ पदरात गुंडाळलेला. बाबा लगेच उठले. "या, या, इथे बसा." वळले, आणि उजव्या हाताला कुणीतरी ठेवलेलं स्टूल त्यांना दिसलंच नाही. पाय अडकला. बाबा आडवे झाले, कपाळ माझ्या मशीनच्या कडेवर आपटलं, आणि रक्त आलं.

दादाने रक्त पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून तोही हळूच खाली बसला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, काळजी करू नका, तुमची जागा मी धरून ठेवतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. शिवत होते ते कापड तसंच मांडीवरून पडलं, मी लोकांना ढकलत खिडकीशी गेले आणि फळीवर दोन्ही मुठी आपटल्या. "वहिनी! अगं वहिनी! बाबांची नजर जातेय! काचबिंदू आहे त्यांना! ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर सांगतायत, आणि हा म्हातारा तुझ्या दारात पांढरा पुठ्ठा धरून बसलाय!"

फळी सरकली. वहिनीने वर न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "टोकन?"

सगळी खोली गप्प झाली. जिन्यातले गप्प झाले. टोपीवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढली. इतकी शांतता आमच्या घरात आजवर झाली नव्हती, आणि त्या शांततेत वहिनीला आपलाच शब्द ऐकू आला असावा. तिने वर पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्या पलीकडे, जमिनीवर बसलेल्या बाबांकडे. तिचा हात अजून तसाच पुढे होता.

गॅलरीतून वळसा घालून यायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण ते तिला सुचलंच नाही. तिने आधी डोकं बाहेर काढलं, मग एक खांदा, मग दुसरा, आणि कमरेशी अडकली. आमची वहिनी अंगाने चांगली भरलेली आहे आणि तो झरोका ताटांसाठी आहे. आतून भांडी पडल्याचे आवाज यायला लागले. "ओढा!" वहिनी ओरडली. "बघता काय, ओढा मला!" मी एक हात धरला, टोपीवाल्यांनी दुसरा, नळवाल्या बाईंनी नळ टाकून मला मागून धरलं. रांगेतल्या लोकांनी एकमेकांना धरलं, काय झालंय ते जिन्यातल्यांना माहीतही नव्हतं, तरी तेही ओढत होते. "एकदम!" कुणीतरी म्हणालं. वहिनी झाकणं आणि चाळण्यांसकट बाहेर आली, आमच्या सगळ्यांच्या अंगावर.

ती उठलीसुद्धा नाही. तशीच गुडघ्यांवर बाबांपाशी गेली आणि पदराने कपाळ दाबून धरलं.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "माझं पांढरं आहे. यांचं होऊ द्या आधी."

"बाबा, कधीपासून?"

बाबांनी पांढरं टोकन मुठीत लपवलं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"रांग होती," बाबा म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "नाही. खोटं बोलतोय. भीती वाटते मला. डोळ्याला हात लावतील त्याची. तुमची रांग होती म्हणून रोज सुटत होतो. बरं वाटत होतं."

वहिनी ढसाढसा रडायला लागली. एवढ्या लोकांसमोर, चाळणी गळ्यात. "मलापण बरं वाटत होतं हो बाबा," ती म्हणाली. "त्या फळीच्या आड. कुणी अंगावर येत नव्हतं. मला वाटलं, महत्त्वाचं असेल ते थांबेल."

मला तेव्हा तिची एवढी दया आली, आणि बाबांचा एवढा राग, आणि माझा त्याहून जास्त, की मी सगळा त्या लोकांवर काढला. झाडू घेतला आणि दारात उभी राहिले. "चला! निघा! खिडकी बंद! आमच्या उशा ठेवा तिथे!" लोक कुरकुरत गेले. एक जण जिन्यातून वळून म्हणाला, "मग उद्या किती वाजता उघडणार?" झाडू त्याच्या पाठीत बसला नाही, नेम चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने रजा टाकली आणि बाबांना घेऊन इस्पितळात गेली. मीही गेले, पण मला बोलायची बंदी होती. तिथेही टोकन होतं, तिथेही काच होती. वहिनी मुकाट्याने बाकावर बसली, बाबांचा हात दोन्ही हातांत धरून. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा बाबांनी सवयीने शेजारच्या माणसाला म्हटलं, "तुम्ही जा पुढे." वहिनीने त्यांना दंडाला धरून उभं केलं. "हे आधी जाणार," ती त्या माणसाला म्हणाली, आणि तो काही म्हणायच्या आत बाबांना आत घेऊन गेली.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचं, एकामागून एक. डॉक्टर म्हणाले, उरलेली नजर आता टिकेल. मी बाहेर त्यांना गाठून विचारलं, "डॉक्टर, आधी आलो असतो तर? यांनी जे दिवस बाकावर घालवले, त्यात किती गेली?" डॉक्टर म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही." मी ते वहिनीला सांगितलं नाही. पण ती माझ्या मागेच उभी होती.

फ्रिज परत जागेवर गेला. टोकनं चिमणीने कचऱ्यात टाकली. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, म्हणजे वाईट. वहिनी दारात आली की आम्ही सगळे ओरडतोच. सवयी काय अशा जातात? दादाचा मोजा पुन्हा एकेकटा हरवायला लागलाय. परवाच वहिनीने माझी कात्री तांदळाच्या डब्यात ठेवली आणि ती आम्हाला भातात सापडायची वेळ आली होती. मी बोंब मारली, ती उलट माझ्यावर ओरडली, वरच्या बाई शिडी मागायला येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

बाबांना आता फक्त नाकासमोरचं दिसतं. नळीतून बघितल्यासारखं, असं ते म्हणतात. चालताना आमच्यापैकी कुणीतरी हात धरतं. खुर्चीत बसून आमच्या चालण्याला नावं ठेवणं बंद झालंय, कारण आम्ही त्यांच्या समोरून गेलो तेवढंच त्यांना कळतं, आणि आम्ही तर सगळे घाईत बाजूबाजूनेच जातो.

वहिनी ऑफिसातून येते. आम्ही ओरडतो. ती हात वर करून म्हणते, "थांबा." पिशवी खांद्यालाच असते, चपला पायांतच. तशीच जाऊन बाबांपुढे जमिनीवर बसते आणि आज काचेबाहेर कोण कशावरून भांडलं ते त्यांना सांगते. काही महत्त्वाचं नसतं. कुकर गॅसवर ठेवायचा असतो, माझं कापड अडलेलं असतं, चिमणी पाय आपटत असते. मी एकदा म्हटलंही, अगं, भाजी निवडत बोल, इथे माझ्याशेजारी बसून बोललीस तरी त्यांना ऐकू येतं.

"ऐकू येतं," वहिनी म्हणाली, "पण मी बाजूला बसले तर त्यांना दिसत नाही."